कळफलक व माउस यांची कार्यालयीन स्वच्छता

कळफलक व माउस यांची कार्यालयीन स्वच्छता हा कार्यस्थळावरील आरोग्यरक्षणाचा एक भाग आहे. संगणकाच्या ज्या भागांना बोटांचा सतत स्पर्श होतो, त्यांवरील धूळ, तेलकटपणा, अन्नकण व सूक्ष्मजीव काढून टाकण्याच्या पद्धतींचा तीत समावेश होतो. कार्यालयातील जमीन, टेबले व स्वच्छतागृहे यांची सफाई बहुधा रोज होते. कळफलक व माउस मात्र 'यंत्र' म्हणून त्या सफाईतून वगळले जातात आणि बिघडल्याखेरीज त्यांच्याकडे लक्ष जात नाही. या वस्तू एकाच व्यक्तीच्या वापरात असतील, तर त्यांवरील बहुतेक सूक्ष्मजीव त्या व्यक्तीच्याच त्वचेवरचे असतात व सहसा निरुपद्रवी असतात. एकच यंत्र अनेकजण पाळीपाळीने वापरत असतील, तर ते एका हातावरून दुसऱ्या हातावर रोगजंतू नेणारे माध्यम ठरू शकते. त्यामुळे या विषयात मळाच्या प्रमाणापेक्षा यंत्राचा सामायिक वापर व हातांची स्वच्छता यांना अधिक महत्त्व आहे.

मळ साचण्याची कारणे

प्रचलित कळफलकांपैकी बहुतेक पटल प्रकारचे असतात. त्यांत कळांच्या खाली रबराच्या लहान घुमट्या असतात व त्यांच्याखाली विद्युतमार्ग छापलेले प्लास्टिकचे पातळ पत्रे असतात. कळ दाबली की घुमटी दबते, वरच्या व खालच्या पत्र्यावरील मार्ग एकमेकांना टेकतात आणि संगणकाला संकेत मिळतो. प्रत्येक कळ मोकळेपणाने वरखाली होण्यासाठी तिच्याभोवती फट ठेवावीच लागते. याच फटींतून केस, त्वचेचे सूक्ष्म कण, कागदाचा भुसा व खाद्यपदार्थांचा चुरा आत जातो. एकदा आत गेलेला मळ वरवर पुसून निघत नाही.

माउसच्या बाबतीत तळहात टेकतो तो भाग, दोन्ही बटणे, मधले चाक व तळाच्या सरकपट्ट्या या ठिकाणी मळ साचतो. पूर्वीच्या माउसमध्ये रबरी आवरणाचा गोळा असे. तो फिरताना टेबलावरील धूळ आत ओढत असल्याने तो अधूनमधून काढून स्वच्छ करणे भाग पडे. प्रकाशीय माउसचा प्रसार झाल्यावर ही गरज संपली व त्याबरोबर माउस उघडून पाहण्याची सवयही गेली.

त्वचेतून स्रवणारे तेल व घाम यांचा पातळ थर कळांवर बसतो आणि त्याला धूळ चिकटते. टेबलावरच न्याहारी वा जेवण करण्याची पद्धत असलेल्या कार्यालयांत वडापावचे तेल, फरसाणाचा चुरा, बिस्किटांचे कण व चहाचे थेंब यांची त्यात भर पडते. अन्नकणांमुळे मुंग्या व झुरळे यंत्राकडे आकर्षित होतात. गोड चहा सुकल्यावर साखरेचा चिकट थर मागे राहतो व कळ अडकू लागते.

सूक्ष्मजीवांविषयीचे संशोधन

कळफलकावर सर्वसाधारणपणे आढळणारे जिवाणू मानवी त्वचेवर नैसर्गिकरीत्या राहणारे असतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात विल्यम रुताला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयातील २५ कळफलकांची तपासणी करण्यात आली. सर्वच कळफलकांवर त्वचेवरील सामान्य स्टॅफिलोकोकस जिवाणू सापडले. प्रतिजैविकांना दाद न देणारे काही रोगकारक जिवाणूही मोजक्या कळफलकांवर होते. याच अभ्यासात पुसण्याच्या परिणामाचीही चाचणी घेण्यात आली. वापरलेल्या सर्व निर्जंतुक द्रव्यांनी चाचणीतील ९५ टक्क्यांहून अधिक जिवाणू काढले वा निष्प्रभ केले. तुलनेसाठी वापरलेल्या केवळ निर्जंतुक पाण्यानेही तेवढाच परिणाम साधला. ३०० वेळा पुसूनही कळफलकांच्या कार्यात वा स्वरूपात बिघाड आढळला नाही. पुसण्याची क्रिया द्रव्याच्या निवडीइतकीच परिणामकारक असते, असे यावरून दिसते.

कोलोरॅडो विद्यापीठातील नोआ फिअरर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कळफलकांवरील जिवाणूंच्या जनुकीय खुणा वापरणाऱ्यांच्या बोटांवरील जिवाणूंशी ताडून पाहण्यात आल्या. प्रत्येक कळफलकावरील जिवाणूसमूह त्याच्या मालकाच्या बोटांवरील समूहाशी इतरांच्या तुलनेत अधिक जुळला. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या नमुन्यांतही ही ओळख दोन आठवड्यांपर्यंत टिकून राहिली. या संशोधनाचा रोख गुन्हे अन्वेषणातील संभाव्य उपयोगाकडे होता. आरोग्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, स्वतंत्र कळफलक हा बव्हंशी वापरणाऱ्याच्या त्वचेचाच विस्तार असतो.

स्वच्छतागृहाशी केली जाणारी तुलना

'कळफलक स्वच्छतागृहातील बैठकीपेक्षाही घाण असतो' हे विधान वृत्तपत्रांत व जाहिरातींत वारंवार आढळते. त्याचा उगम मुख्यतः ॲरिझोना विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गेर्बा यांच्या २००२ मधील कार्यालयीन पाहणीत आहे. त्या पाहणीत दर चौरस इंचामागे कळफलकावर सरासरी ३,२९५, माउसवर १,६७६, तर स्वच्छतागृहातील बैठकीवर ४९ जिवाणू मोजले गेले. दूरध्वनी संचावरील आकडा २५,१२७ इतका, म्हणजे कळफलकाच्या कितीतरी पट होता. निर्जंतुक द्रव्ये बनवणाऱ्या एका कंपनीने या पाहणीला अर्थसाहाय्य दिले होते. ब्रिटनमधील 'विच?' या ग्राहक नियतकालिकाने २००८ मध्ये लंडनच्या एका कार्यालयातील ३३ कळफलक तपासले. त्यांपैकी चार आरोग्यास धोकादायक ठरू शकतील असे आढळले व एकावर स्वच्छतागृहातील बैठकीच्या पाचपट जंतू होते.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. स्वच्छतागृहाची बैठक नियमित धुतली जाते व तिचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि कोरडा असतो, म्हणून तिच्यावरील संख्या मुळातच कमी असते. शिवाय एकूण संख्येवरून जिवाणूंचा प्रकार कळत नाही. त्वचेवरील हजारो निरुपद्रवी जिवाणूंपेक्षा विष्ठेतून आलेले मोजके रोगजंतू अधिक घातक ठरू शकतात. म्हणून ही तुलना सफाईतील तफावत दाखवते, रोगाचा धोका मोजत नाही.

रोगप्रसाराची प्रक्रिया

पृष्ठभागाद्वारे रोग पसरण्यासाठी काही टप्पे एकामागून एक पूर्ण व्हावे लागतात. बाधित व्यक्तीच्या हातावरील जंतू कळांवर उतरले पाहिजेत, पुढची व्यक्ती स्पर्श करीपर्यंत ते तग धरून राहिले पाहिजेत आणि त्या व्यक्तीच्या बोटांवरून तिच्या डोळ्यांत, नाकात वा तोंडात गेले पाहिजेत. यांतील शेवटचा टप्पा अजाणता घडतो. ऑस्ट्रेलियातील २६ वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या निरीक्षणावर आधारलेल्या २०१५ मधील अभ्यासात एका व्यक्तीचा हात तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला लागत असल्याचे नोंदवले गेले.

जंतूंची तग धरण्याची क्षमता प्रकारानुसार बदलते. इन्फ्लुएन्झाचे विषाणू कठीण, सच्छिद्र नसलेल्या पृष्ठभागावर २४ ते ४८ तास टिकू शकतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू कोरड्या पृष्ठभागावर सात दिवसांपासून सात महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. उलटी व जुलाब घडवणारा नोरोव्हायरस अत्यल्प संख्येनेही संसर्ग करू शकतो. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील एका प्राथमिक शाळेत नोरोव्हायरसची साथ आली, तेव्हा एका वर्गातील सामायिक संगणकाच्या माउस व कळफलकावरून घेतलेल्या नमुन्यात हा विषाणू सापडला. मोठ्या फरशा व टेबले यांकडे सफाईचे लक्ष असताना संगणकाची साधने निसटून जातात, हे या घटनेने दाखवून दिले.

कोविड-१९ च्या साथीतील अनुभव

मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोविड-१९ चा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत टिकल्याचे आढळले. भारताच्या आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी कार्यालयांसह सार्वजनिक जागांच्या निर्जंतुकीकरणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. वारंवार स्पर्श होणाऱ्या ज्या वस्तूंची विशेष सफाई करावी असे त्यांत म्हटले होते, त्यांत कळफलक, माउस व माउस पॅड यांचा स्पष्ट उल्लेख होता.

पुढे हा विषाणू प्रामुख्याने श्वासावाटे, हवेतून पसरतो हे स्पष्ट झाले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये, दूषित पृष्ठभागाला झालेल्या एका स्पर्शातून या रोगाची लागण होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे १०,००० मध्ये एकाहून कमी असल्याचे म्हटले. त्यामुळे साथीच्या काळात रूढ झालेली सततची फवारणी मागे पडली. मात्र जठरांत्राचे विकार, डोळे येण्याची साथ व त्वचेचे संसर्ग यांत हातांचा व पृष्ठभागांचा वाटा कायम असल्याने सामायिक साधने पुसण्याचे प्रयोजन संपलेले नाही.

स्वच्छतेची पद्धत

सफाई व निर्जंतुकीकरण या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सफाईत मळ व त्यासोबत बरेचसे जंतू यांत्रिकरीत्या काढले जातात. निर्जंतुकीकरणात उरलेले जंतू रसायनाने मारले जातात. तेलकट थर असलेल्या कळेवर थेट निर्जंतुक द्रव लावल्यास तो जंतूंपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून सफाई आधी करावी लागते.

नित्याची सफाई पुढील क्रमाने केली जाते.

१. संगणक बंद करून कळफलक व माउस यांची तार काढली जाते. बिनतारी साधनांचे बटण बंद करून बॅटरी काढली जाते.

२. कळफलक उलटा धरून हलकेच थोपटला जातो, म्हणजे सुटे कण खाली पडतात. कळांमधील फटी मऊ कुंचल्याने झाडल्या जातात. हवेचा झोत वापरायचा असल्यास तो तिरका ठेवतात व नाकातोंडावर मास्क लावतात, कारण उडालेली धूळ श्वासात जाण्याची शक्यता असते.

३. मायक्रोफायबरचे किंवा मऊ सुती कापड किंचित ओले करून कळांचा वरचा भाग व कडा पुसल्या जातात. द्रव कापडावर घेतात. तो थेट कळफलकावर फवारल्यास फटींतून आत जातो.

४. त्यानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने कळा, माउसची बटणे, चाक व तळहाताची जागा पुसून ती आपोआप सुकू दिली जाते.

५. पूर्ण सुकल्यावरच साधने पुन्हा जोडली जातात व शेवटी हात धुतले जातात.

जंतू मारण्यासाठी शुद्ध अल्कोहोलपेक्षा ७० टक्क्यांचे द्रावण अधिक प्रभावी असते. त्यातील पाण्यामुळे जिवाणूंच्या प्रथिनांची रचना मोडण्यास मदत होते व द्रव पृष्ठभागावर थोडा अधिक वेळ टिकतो. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने ते पेटती उदबत्ती, निरांजन वा तापलेली उपकरणे यांच्याजवळ वापरू नये. नोरोव्हायरसवर त्याचा परिणाम मर्यादित असतो, म्हणून उलटी-जुलाबाच्या साथीत साबण व पाण्याने हात धुण्याला पर्याय नसतो.

ब्लीचचे द्रावण जंतुनाशक असले तरी ते धातूच्या भागांना गंज आणते व कळांवरील अक्षरे फिकी करते. फिनेल, ॲसिटोन, थिनर व अमोनियायुक्त काच-सफाईचे द्रव प्लास्टिकला वा त्यावरील लेपाला हानी पोहोचवू शकतात. ब्लीच स्वच्छतागृह धुण्याच्या आम्लात मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो. त्यामुळे स्वच्छतागृहासाठी तयार केलेली द्रावणे व फडकी संगणकासाठी वापरली जाऊ नयेत.

कळफलकावर चहा सांडल्यास प्रथम तार काढून तो उलटा ठेवला जातो व सुकू दिला जातो. लॅपटॉपच्या बाबतीत वीजपुरवठा तोडून यंत्र लगेच बंद करावे लागते. कळांच्या खालीच मुख्य परिपथ असल्याने, तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय तो पुन्हा सुरू करणे धोक्याचे असते.

सामायिक साधनांसाठी व्यवस्था

स्वतंत्र कळफलक आठवड्यातून एकदा पुसणे सामान्यतः पुरेसे असते. सामायिक कळफलक पाळी बदलताना पुसणे इष्ट असते. त्यासाठी यंत्राजवळच पुसण्याचे साहित्य ठेवणे, येणाऱ्या व्यक्तीने बसण्यापूर्वी हात स्वच्छ करणे आणि आजारी व्यक्तीने वापरलेले यंत्र लगेच पुसणे असे नियम केले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार साबण-पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद, तर अल्कोहोलयुक्त द्रवाने हात चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात. काही ठिकाणी प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र कळफलक व माउस देऊन संगणक तेवढा सामायिक ठेवला जातो. या साधनांची किंमत संगणकाच्या तुलनेत अल्प असल्याने हा उपाय सोपा ठरतो. रुग्णालयांत धुता येणारे, फटी नसलेले सिलिकॉनचे कळफलक किंवा कळफलकावर बसवायची पातळ आवरणे वापरली जातात. आवरण नियमित न धुतल्यास त्याचा उपयोग उरत नाही.

मानपाडा परिसर व महाराष्ट्रातील स्थिती

ठाणे जिल्ह्यात मानपाडा हे नाव दोन ठिकाणी आढळते. एक मानपाडा ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर असून तेथील माजिवडा-मानपाडा ही ठाणे महानगरपालिकेची प्रभाग समिती आहे. दुसरे मानपाडा कल्याण-डोंबिवली परिसरात, डोंबिवली पूर्वेला कल्याण-शीळ रस्त्यालगत आहे. पहिल्याच्या आसपास माहिती-तंत्रज्ञान व सेवा क्षेत्रांतील कार्यालये आहेत, तर दुसऱ्याच्या जवळ डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत असलेली ठाण्यातील वागळे इस्टेट आज अनेक संगणकाधारित कार्यालयांचेही ठिकाण आहे. अशा ठिकाणी पाळ्यांमध्ये चालणाऱ्या सेवा केंद्रांत एकाच टेबलावर दिवसा एक व रात्री दुसरा कर्मचारी बसतो.

या भागात कळफलकाच्या मळाला स्थानिक कारणेही आहेत. घोडबंदर रस्ता व कल्याण-शीळ रस्ता या दोन्हींवर अवजड वाहनांची मोठी वर्दळ असल्याने कोरड्या ऋतूत कार्यालयांत बारीक धूळ येते. पावसाळ्यात कोकण किनारपट्टीच्या दमट हवेत मळ ओलसर होऊन चिकटतो, बुरशीला पोषक स्थिती निर्माण होते आणि कळफलकातील धातूचे संपर्कबिंदू गंजू शकतात. याशिवाय कर्मचाऱ्यांचा मोठा वर्ग उपनगरी लोकल, बस वा रिक्षाने येतो. गाडीचे दांडे, कार्यालयातील हजेरीचे बोटठसा यंत्र, उद्‍वाहनाचे बटण आणि त्यानंतर कळफलक असा स्पर्शांचा क्रम रोज घडतो. टेबलावर बसण्यापूर्वी हात धुतल्याने हा क्रम तुटतो.

सामायिक कळफलकांचा वापर केवळ खाजगी कार्यालयांपुरता नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षांसाठी मराठी, हिंदी व इंग्रजीत मिनिटाला ३० व ४० शब्दांच्या गतीचा सराव करणारे विद्यार्थी टंकलेखन संस्थांत एकाच यंत्रावर पाळीपाळीने बसतात. एमएस-सीआयटीची प्रशिक्षण केंद्रे, महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा व आपले सरकार सेवा केंद्रे यांतही यंत्रे सामायिक असतात. मराठी टंकलेखनासाठी कळांवर लावलेल्या देवनागरी अक्षरांच्या स्टिकरच्या कडा उचलल्या गेल्यावर तेथे मळ धरतो, तसेच अल्कोहोलमुळे स्टिकरचा गोंद सुटू शकतो. अशा कळा अधिक हलक्या हाताने पुसून झिजलेले स्टिकर बदलावे लागतात.

महाराष्ट्रात खंडेनवमी व दसऱ्याला अवजारे आणि यंत्रे स्वच्छ करून त्यांची पूजा करण्याची परंपरा आहे. कारखान्यांप्रमाणे कार्यालयांतही या निमित्ताने संगणक पुसले जातात व त्यांवर हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूची फुले वाहिली जातात. या प्रथेमुळे वर्षातून एकदा तरी यंत्रांची सफाई निश्चितपणे होते. हळदकुंकवाची पूड व अक्षता कळांच्या फटींत गेल्यास मात्र त्या काढणे कठीण असते. पूजेच्या वेळी कळफलक झाकून ठेवल्यास किंवा हळदकुंकू संगणकाच्या पेटीवर वाहिल्यास हे टळते.

जबाबदारी व कायदेशीर चौकट

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ अन्वये कामगारांचे आरोग्य व सुरक्षितता यांसाठी स्वच्छता, प्रकाश, वायुवीजन व आगप्रतिबंध यांबाबत उपाय योजणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

व्यवहारात कळफलकाची सफाई अनेकदा कोणाच्याच वाट्याला येत नाही. तारा निघतील वा यंत्र बिघडेल या भीतीने सफाई कर्मचाऱ्यांना संगणकाला हात न लावण्याची सूचना दिलेली असते. तांत्रिक विभाग यंत्र चालते की नाही एवढेच पाहतो. वापरणाऱ्याला ते कार्यालयाची मालमत्ता वाटते. ही पोकळी भरण्यासाठी तीन गोष्टी लेखी ठरवाव्या लागतात: पुसण्याचे काम कोणाचे, ते किती दिवसांनी करायचे आणि त्याचे साहित्य कोण पुरवणार. सफाई कर्मचाऱ्यांकडे हे काम सोपवल्यास त्यांना यंत्र बंद करण्याची रीत शिकवणे, हातमोजे देणे व रसायनांची माहिती त्यांना समजेल अशा भाषेत देणे आवश्यक असते.

मर्यादा

कळफलक व माउस यांची सफाई हा संसर्ग रोखण्याच्या अनेक उपायांपैकी एक आहे. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगांत मोकळी हवा व आजारपणात मिळणारी रजा यांचे महत्त्व अधिक असते. पुसलेला कळफलक अस्वच्छ हाताच्या पहिल्याच स्पर्शाने पुन्हा दूषित होतो. त्यामुळे हात धुण्याची सोय, म्हणजे चालू नळ, साबण व हात कोरडे करण्याची व्यवस्था, नसलेल्या कार्यालयात केवळ यंत्रे पुसण्याचा उपयोग मर्यादित राहतो. निर्जंतुक द्रव्यांच्या अतिवापराने त्वचेचा दाह व श्वसनाचा त्रास होऊ शकतो. स्वतंत्र वापराच्या यंत्रासाठी ओलसर कापडाने नियमित पुसणे बहुतांशी पुरेसे ठरते. निर्जंतुकीकरणाची खरी गरज सामायिक यंत्रांना व साथीच्या काळात असते.